समुद्राचा तळ रुंद कसा होतो, आणि ते कळलं कसं

वेताळ टेकडीवर मोठी सर येऊन गेली की पायवाटेवर पाण्याच्या ओघळांच्या खुणा राहतात. नीट पाहिलं तर या ओघळांच्या तळाशी काळी, जड रेती साचलेली असते. हलकी माती वाहून जाते, ही मागे राहते. मागच्या पावसाळ्यात भाचीने बिघडलेल्या स्पीकरमधलं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्या रेतीत फिरवलं. वर उचललं तर चुंबकाला चांगली इंचभर काळी दाढी फुटलेली.

"मावशी, टेकडीत लोखंड आहे?"

लोखंड म्हणजे तव्याचं लोखंड नाही. पुण्याच्या टेकड्या, पाताळेश्वराची लेणी, घाटातले कडे हे सगळं बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून थरावर थर लाव्हा वाहिला, त्याचा हा दगड. त्यात मॅग्नेटाइट नावाच्या खनिजाचे बारीक कण असतात, लोह आणि ऑक्सिजनचे. दगड झिजला की कण सुटे होतात आणि ओघळात जमतात. समुद्राचा तळ पसरतो याचा सगळ्यात गाजलेला पुरावा याच कणांनी दिला. टेकडीवरच्या नव्हे, समुद्राखालच्या. पण दगड तोच, खनिज तेच.

या कणांची गंमत अशी. लाव्हा तापलेला असताना त्यांच्यात टिकाऊ चुंबकत्व नसतं. शुद्ध मॅग्नेटाइट ५८० अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्या वेळी ज्या दिशेला असेल, ती दिशा त्याच्यात पक्की होऊन बसते. अनेक ठिकाणी असं लिहिलेलं असतं की कण सुईसारखे फिरून उत्तरेकडे तोंड करतात. तसं होत नाही. तोवर दगड घट्ट झालेला असतो, कण जागचे हलत नाहीत. बदलतं ते त्यांच्या आतलं चुंबकत्व. नंतर दगड कोटी वर्षं पडून राहिला तरी ती नोंद सहसा पुसली जात नाही.

आता यातली खरी मेख. फ्रान्सच्या बर्नार ब्रून यांना १९०६ साली असा जुना लाव्हा सापडला की ज्याचं चुंबकत्व आजच्या बरोबर उलट दिशेला होतं. जपानच्या मोतोनोरी मातुयामा यांनी १९२९ मध्ये बरेच नमुने तपासून सांगितलं की पृथ्वीचं क्षेत्रच मधून मधून पालटतं. उत्तर चुंबकीय ध्रुव दक्षिणेला, दक्षिण उत्तरेला. शेवटची पालट सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वीची. या पालटींना ठराविक वेळापत्रक नाही: कधी काही हजार वर्षांत दुसरी पालट, कधी लाखो वर्षं काहीच नाही. हा अनियमितपणा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच उभं आहे. आपल्या दख्खनच्या लाव्ह्याचा मोठा हिस्सा अशाच एका उलट्या काळात वाहिलेला आहे. तेव्हा कोणी होकायंत्र घेऊन उभा असता तर त्याच्या सुईचं उत्तर टोक दक्षिण दाखवत असतं.

इतकी तयारी झाली. आता समुद्रात उतरू.

सगळ्या महासागरांच्या तळाशी मिळून सुमारे ६५,००० किलोमीटर लांबीची एक पर्वतरांग आहे. अटलांटिकच्या मधोमध ती उभी धावते, आफ्रिकेला वळसा घालून हिंदी महासागरात येते, तिथे तिला फाटे फुटतात, आणि एक फाटा चक्क अरबी समुद्रात चढतो. या रांगेच्या माथ्यावर कवचाचे दोन तुकडे एकमेकांपासून दूर जात असतात. कुठे वर्षाला दोन सेंटिमीटर, कुठे पंधरा. दोन-तीन सेंटिमीटर म्हणजे आपली नखं वर्षभरात जितकी वाढतात, साधारण तितकं.

तुकडे दूर गेले की खाली जागा मोकळी होते आणि ती भरायला खालचा खडक वर सरकतो. इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. आपल्याला वाटतं, कवचाखाली लाव्ह्याचा समुद्र उकळतोय आणि फट मिळाली की तो वर येतो. प्रत्यक्षात कवचाखालचं प्रावरण घन आहे. प्रचंड तापलेलं, लाखो वर्षांच्या हिशेबात हळूहळू सरकणारं, पण घन. मग वितळतं कशाने? आच वाढल्याने नाही, दाब कमी झाल्याने.

हे समजायला स्वयंपाकघर पुरे. कुकरमध्ये पाणी १२० अंशांपर्यंत जातं तरी खळखळून उकळत नाही, कारण वरचा दाब त्याला धरून ठेवतो. गॅस बंद करून घाईघाईने शिट्टी उचला: आच शून्य, तरी आतलं पाणी एकदम उसळतं आणि वरणाचे शिंतोडे ओट्यावर. दाब गेला म्हणून उकळी फुटली. प्रावरणाचा खडक तसाच आहे. खोलवर तो १३०० अंशांच्या वर तापलेला असूनही दाबामुळे घन राहतो. वर येता येता दाब घटतो आणि त्याचा थोडा भाग वितळतो. तो वितळलेला भाग हलका म्हणून वर चढतो आणि साधारण सहा-सात किलोमीटर जाडीचं नवं कवच तयार करतो.

वर आलेला लाव्हा गार समुद्राच्या पाण्याला भिडला की बाहेरून लगेच थिजतो, आतून फुगतो, आणि उशांसारखे गोल ढीग रचत जातो. या उशांच्या खाली जे असतं ते मला जास्त आवडतं. लाव्हा वर आला तो ज्या उभ्या भेगेतून, त्या भेगेतही तो थिजतो आणि दगडाची उभी भिंत होते. सह्याद्रीत आणि कोकणात अशा भिंती पुष्कळ दिसतात, भूगर्भवाले त्यांना डाइक म्हणतात. पुढची भेग पडते ती साधारण तिथेच, म्हणजे नुकत्याच थिजलेल्या, अजून गरम असलेल्या भिंतीच्या मधोमध. ती भिंत दुभंगते, अर्धी डावीकडे जाते, अर्धी उजवीकडे, मधे नवी भिंत. मग तीही दुभंगते. असं हजारो वेळा. सायप्रस बेटावरच्या ट्रूडोस डोंगरात समुद्रतळाचा असा जुना तुकडा जमिनीवर उचलला गेला आहे. तिथे भिंतीला भिंत लागून उभी आहे, मधे दुसरा दगडच नाही. गार पृष्ठाला टेकलेली भिंतीची कड बारीक कणांची असते, कारण ती पटकन थिजते. या भिंतींपैकी बऱ्याच जणींना अशी कड एकाच बाजूला आहे. दुसरी कड कुठे गेली? दुभंगलेल्या दुसऱ्या अर्ध्याबरोबर पलीकडच्या बाजूला.

पुस्तकांतल्या आकृत्यांबद्दल एक तक्रार. खाली पातेल्यात आमटी उकळल्यासारखे बाण, ते वर येऊन दोन्ही तुकड्यांना ढकलतायत, असं चित्र असतं. आज बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात की मुख्य जोर ओढण्याचा आहे, ढकलण्याचा नव्हे. दुसऱ्या टोकाला, खोल गर्तांमध्ये, जुना, थंड, जड तळ खाली बुडत असतो आणि तो उरलेल्या तुकड्याला मागून ओढून घेतो. टेबलावरून घसरणारी चादर कशी स्वतःच्याच वजनाने उरलेली चादर खेचते, तसं. मधल्या रांगेत फक्त फट पडते, आणि ती भरली जाते.

हे सगळं आज सांगायला सोपं. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात असं मांडलं तेव्हा त्यांना विचारलं गेलं, सरकतात तर समुद्राचा कठीण तळ फोडत कसे जातात? उत्तर नव्हतं, कारण समुद्राचा तळ कोणी पाहिलाच नव्हता.

पाहिला तो मेरी थार्प यांनी, तोही किनाऱ्यावर बसून. अमेरिकेत त्या काळी बायकांना संशोधन जहाजावर घेत नसत. ब्रूस हीझन जहाजावरून खोलीच्या नोंदी आणत, थार्प त्यांचे आलेख काढत. १९५२-५३ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की अटलांटिकच्या रांगेच्या माथ्यावर प्रत्येक आलेखात एक खाच आहे, एकाखाली एक, जणू रांग मधोमध चिरली आहे. हीझन यांनी ते 'बायकी बडबड' म्हणून उडवून लावलं. शेजारच्या टेबलावर दुसरा एक सहकारी समुद्रातल्या भूकंपांची केंद्रं त्याच प्रमाणाच्या नकाशावर टिंबांनी मांडत होता. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले तर टिंबं बरोबर त्या खाचेत पडली. मग हीझन यांना मान्य करावं लागलं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी जहाजाचे कप्तान असलेले हॅरी हेस हे मुळात भूशास्त्राचे प्राध्यापक. प्रवासात ते खोली मोजणारं यंत्र चालूच ठेवत. त्यांनी १९६२ मध्ये छापून आलेल्या लेखात सगळं एकत्र बांधलं: रांगेवर तळ जन्मतो, दूर सरकतो, गर्तेत बुडतो. हे स्वतः हेस 'भूकाव्य' समजून वाचा म्हणाले, इतका त्यांच्याकडे पुरावा तोकडा होता. या प्रक्रियेला नाव दिलं रॉबर्ट डीट्झ यांनी, १९६१ मध्ये.

पुरावा तोवर येऊन पडला होता, कोणाला वाचता येत नव्हता इतकंच. १९५५-५६ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत जहाजामागे मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र, ओढत नेऊन रोनाल्ड मेसन आणि आर्थर रॅफ यांनी नकाशा काढला. त्यात झेब्र्यासारखे पट्टे निघाले. एका पट्ट्यावर चुंबकीय क्षेत्र थोडं जास्त, शेजारच्यावर थोडं कमी. फरक काहीशे नॅनोटेस्लाचा, म्हणजे मूळ क्षेत्राच्या एखाद टक्क्याच्या आसपास. जहाजाच्या लोखंडाने असली नोंद बिघडू नये म्हणून यंत्र लांब दोरावर मागे सोडावं लागतं. मोजमाप किती नाजूक याची आपल्याकडची आठवण सांगायची तर, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवावी लागली.

आणि आता अरबी समुद्र. इथल्या रांगेला कार्ल्सबर्ग रांग म्हणतात, कारण १९२८ ते ३० च्या ज्या डॅनिश मोहिमेत ती सापडली तिचा खर्च बिअर बनवणाऱ्या कार्ल्सबर्गच्या प्रतिष्ठानाने उचलला होता. पुण्यापासून नैऋत्येला सरळ रेषेत दोनेक हजार किलोमीटर. तिथे १९६२ च्या अखेरीस ब्रिटिश जहाज 'ओवेन'वरून केंब्रिजच्या ड्रमंड मॅथ्यूज यांनी चुंबकीय मोजणी केली आणि आकडे आपला विद्यार्थी फ्रेड वाइन याच्याकडे सोपवले. समुद्रतळावरच्या डोंगरांचं चुंबकत्व तपासताना वाइनला दिसलं की एक आजच्या दिशेने चुंबकलेला आहे, तर दुसरा चक्क उलटा. इथे त्याचं डोकं चाललं. हेसचा पसरणारा तळ आणि मातुयामांच्या पालटी एकत्र ठेवल्या तर पट्टे व्हायलाच हवेत! रांगेवर जो दगड आज थिजेल तो सुलटा, क्षेत्र पालटल्यावर थिजेल तो उलटा, आणि भिंती दुभंगत असल्याने दोन्ही बाजूंना सारखेच. सप्टेंबर १९६३ च्या 'नेचर'मध्ये वाइन-मॅथ्यूज यांचा लेख आला.

हीच कल्पना कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांनी त्याच वर्षी आधी पाठवली होती. दोन नियतकालिकांनी ती नाकारली. एका परीक्षकाचा शेरा असा की असल्या गप्पा पार्टीत ठीक, छापायला नकोत. आज काही जण तिघांची नावं जोडून घेतात, पण पुस्तकांत अजून दोघांचीच जास्त दिसतात. मला हा अन्याय वाटतो.

भाचीला हे तोंडी सांगून पटेना. मग जेवणाच्या टेबलाची मधली फळी काढली, बिल छापायच्या कागदाचे दोन रोल खाली ठेवले, दोन्हींची टोकं फटीतून वर काढली. एक टोक तिच्या आईच्या हातात, एक माझ्या. भाची फटीपाशी लाल मार्कर घेऊन. मी "उलट" म्हटलं की तिने फटीतून येणारे दोन्ही कागद रंगवायचे, "सुलट" म्हटलं की थांबायचं. मी मुद्दाम वेडंवाकडं बोलत होते, कधी पटकन, कधी खूप वेळाने. दोन मिनिटांनी कागद आडवे पसरले. ताईला स्वयंपाकाची घाई होती, तिने भराभर ओढला होता, त्यामुळे तिच्या बाजूचे पट्टे माझ्यापेक्षा रुंद. पण क्रम? जाड, बारीक, बारीक, खूप जाड, बारीक. दोन्हीकडे तोच.

भाचीने दोन्ही कागदांवर बोट फिरवत विचारलं, "मग वेग कसा कळतो?" प्रश्न बरोबर जागी पडला. क्रम जुळला की पट्टा कोणता ते ओळखता येतं. त्याचं वय कळलं आणि फटीपासूनचं अंतर मोजलं की वेग मिळतो. पालटींची वयं जमिनीवरच्या लाव्ह्यातून काढली गेली, त्यातल्या पोटॅशियमचं हळूहळू आर्गॉन होतं त्या हिशेबाने. १९६३-६४ पासून ॲलन कॉक्स, रिचर्ड डोल आणि ब्रेंट डॅलरिंपल हे वेळापत्रक बसवत होते. पॅसिफिकमध्ये पट्टे रुंद, अटलांटिकमध्ये अरुंद, क्रम मात्र एकच: ताईचा कागद आणि माझा कागद.

यातल्या अनियमितपणाचं महत्त्व आत्ता कळतं. पालटी घड्याळासारख्या नियमित असत्या तर कुठलाही पट्टा कुठल्याही पट्ट्याशी जुळवता आला असता. वेडीवाकडी लय आहे म्हणूनच ती बोटाच्या ठशासारखी ओळखता येते. 'एल्टानिन' जहाजाने दक्षिण पॅसिफिकच्या रांगेवरून आडवी काढलेली एक नोंद १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा आलेख उलटा धरून मूळ आलेखावर ठेवला तर जवळजवळ जुळत होता, इतक्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या. पुष्कळ संशयी माणसं तिथे गप्प झाली.

तरी मला विचाराल तर सगळ्यात पटणारा पुरावा चुंबकाचा नाही, चिखलाचा आहे. चुंबकीय पट्ट्यांत बरीच गृहीतकं आहेत. भोक पाडून पाहणं हे सरळ काम. 'ग्लोमार चॅलेंजर' जहाजाने डिसेंबर १९६८ ते जानेवारी १९६९ मध्ये दक्षिण अटलांटिकमध्ये रांगेच्या दोन्ही बाजूंना ओळीने भोकं पाडली आणि बेसॉल्टवर बसलेल्या सगळ्यात खालच्या गाळातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांवरून वय ठरवलं. रांगेजवळ गाळ कोवळा आणि पातळ. दूर जावं तसा जाड आणि जुना. पट्ट्यांवरून वेग आधीच काढून ठेवला होता, प्रत्येक बाजूला वर्षाला दोनेक सेंटिमीटर. गाळाने तोच आकडा दिला. चुंबकाशी काही देणंघेणं नसलेल्या जीवांनी चुंबकाची साक्ष खरी ठरवली.

बाकीचे पुरावे झटपट. रांगेवर पाण्याची खोली साधारण अडीच किलोमीटर, जुन्या तळावर साडेपाचच्या पुढे, कारण तळ दूर जाताना गार होतो, आकसतो आणि खचतो. खंडांवर चारशे कोटी वर्षांचे दगड सापडतात, पण महासागरांचा तळ जवळपास कुठेच वीस कोटी वर्षांहून जुना नाही. आणि आता उपग्रहांमुळे आइसलँडची दोन टोकं दूर जाताना थेट मोजता येतात.

एक शंका उरतेच. सारखा नवा तळ तयार होतोय तर पृथ्वी फुगत का नाही? शंका बालिश नाही. खुद्द हीझन काही काळ फुगणाऱ्या पृथ्वीच्या बाजूने होते. उत्तर गर्तांमध्ये आहे. जपान, इंडोनेशिया, चिलीच्या कडेला तळ तितक्याच हिशेबाने खाली जातोय, आणि त्याचा मार्ग खोल होत जाणाऱ्या भूकंपांच्या रांगेने दिसतो. जुना तळ सापडत नाही तो यामुळेच.

आता परत आपल्या किनाऱ्याकडे. दख्खनचा लाव्हा वाहत असताना आणि त्यानंतर थोड्याच काळात कोकणाच्या पश्चिमेला जमीन फाटली. सीशेल्स बेटांचा तुकडा, जो तोवर भारताला चिकटून होता, सुटून मागे राहिला. मधल्या फटीत कार्ल्सबर्ग रांग तळ भरू लागली. आज सीशेल्सचं मुख्य बेट मुंबईपासून सुमारे ३२०० किलोमीटरवर आहे. मधला सगळा तळ त्या फाटण्यानंतरचा, म्हणजे वेताळ टेकडीपेक्षा वयाने लहान.

सगळा? इथे जरा थांबावं लागतं. मुंबईच्या पश्चिमेला काहीशे किलोमीटरवर लक्ष्मी खोरं नावाचा भाग आहे. तिथे पट्टे पुसट आहेत आणि वर सिंधू नदीने आणून टाकलेला प्रचंड गाळ. हा खरा समुद्रतळ की ताणून पातळ झालेली भारताची जमीन, यावर शास्त्रज्ञांत बराच काळ वाद आहे. २०१५ मध्ये 'जोइडिस रेझोल्यूशन' जहाजाने तिथे भोक पाडलं, भारतीय शास्त्रज्ञ मोहिमेच्या नेतृत्वात होते. गाळाच्या खाली काळा पाषाण लागला. पण त्याचं रसायन अपेक्षेपेक्षा वेगळं निघालं, आणि वाद मिटण्याऐवजी नवा सुरू झाला.

भाचीच्या चुंबकाची दाढी अजून डबीत आहे. पिशवी उलटी केली की ती आपोआप सुटते. नुसत्या चुंबकाला चिकटली तर मात्र आठवडाभर निघत नाही, हे आम्ही करून पाहिलं आहे.